डांबर संपेल तिथपर्यंतची गाडी

"थांब जरा, तुझ्या पिशवीतून पाऊल बाहेर आलंय," ताई मागून म्हणाल्या.

खडीच्या रस्त्यावर आमचं अर्ध्याहून जास्त चालून झालं होतं. मी थांबले. त्यांनी माझ्या पाठीवरच्या पिशवीची चेन ओढली, रबरी पाऊल आत ढकललं आणि वरून माझीच ओढणी कोंबली. नुकताच एक सायकलवाला माझ्या पाठीकडे बघता बघता कडेच्या झुडपात जाता जाता वाचला होता. तो का दचकला, हे मला आत्ता कळलं.

"मघाच सांगायचं की," मी म्हटलं.

"मघा तू नामस्मरण करत होतीस. म्हटलं, मध्ये कशाला बोला."

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. कृत्रिम पाय बनवणं आणि बसवणं हा त्यांचा व्यवसाय. आमच्या घराच्या तळमजल्यावर त्यांची कार्यशाळा आहे. तिथे प्लास्टरचा पांढरा धुरळा बसलेला असतो, भिंतीला पाय टांगलेले असतात, आणि गॅसवाला अजूनही दारातूनच सिलिंडर देऊन पळतो. वर्षातून बऱ्याच वेळा त्या लांबच्या एका टेकडीवरच्या निवासात जातात. पाय गमावलेली माणसं तिथे राहून चालायला शिकतात. मापं घेणं, पाय बसवणं, घट्ट-सैल बघणं, सगळं तिथेच होतं. जायला त्यांच्याकडे एक मोठी, उंच मोटारसायकल आहे, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली. डोंगरदऱ्यांतून लांबच्या सफरी करायला निघतात ना लोक, तसली. यजमान गेल्यावर आणि मुलगी नोकरीसाठी दूर गेल्यावर त्यांनी ती घेतली, ती कोणाला न विचारता.

त्या दिवशी मात्र ती गाडी मागे, डांबर संपतं तिथल्या पंक्चरवाल्याच्या शेडमध्ये उभी होती, आणि आम्ही दोघी पाय पाठीवर घेऊन पायी निघालो होतो. निवासाची जीप दुपारी येणार होती. ताई म्हणाल्या, दुपारपर्यंत बसलो तर एकाचं तरी माप राहील. मग चालणं आलं.

मी त्यांच्याबरोबर का होते, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मागच्या पावसाळ्यात ताई एकट्या येत असताना कारखान्याच्या मागच्या वळणावर पडल्या. रस्ता चांगला डांबरी, फक्त ओला. ब्रेक लावला, मागचं चाक सरकलं आणि गाडी आडवी झाली. बाकी खरचटलं तेवढंच, पण उजवं मनगट मोडलं. ज्या हाताने त्या इतरांच्या पायाला प्लास्टर लपेटतात, तोच हात गळ्यात बांधून घरी आल्या. डॉक्टरांनी सांगितलं, हाड जुळेल, पण पुन्हा इथेच मोडलं तर बारीक काम विसरा.

आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ. बहिणीसमोर आवाज चढवायची सवय नाही, पण त्या दिवशी जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं.

"ताई, आता पुरे. गाडी वीक."

"विकते. मी पडले कशाने, ते आधी सांग."

"वयाने."

"टायरने पडले रे."

"पडलेला कुठलाही माणूस असंच म्हणतो. टायर, रस्ता, ऊन, पाऊस. स्वतःचं नाव कोणी घेत नाही."

ताईंना डाव्या हाताने भात जमत नव्हता. चमचा ठेवून त्या म्हणाल्या, "टायर बदलते. पुढच्या फेरीला तुझी बायको माझ्या मागे बसेल. जाऊन येऊन ती नको म्हणाली, तर गाडी त्याच आठवड्यात विकते. तू नको म्हणालास तर नाही. तू मागे बसलेला नाहीस."

मी वाढत होते. मला कोणी काही विचारलं नव्हतं. पण दोघेही माझ्याकडे असे बघायला लागले, की मी आपली "बरं" म्हणून मोकळी झाले. तेव्हा वाटलं होतं, मनगट जुळेपर्यंत हा विषय सगळे विसरतील.

ताई कसल्या विसरतात. हाताचं प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात त्या मला घेऊन टायरच्या दुकानात गेल्या.

टायरवाला जाड भिंगाचा चष्मा लावणारा, कमी बोलणारा गृहस्थ. त्याने पहिलाच प्रश्न केला, "डांबर किती, कच्चा रस्ता किती?"

"निम्मा निम्मा," ताई म्हणाल्या.

त्याने गाडी स्टँडवर घेतली, मागचं चाक काढलं आणि टायर उतरवून आमच्यासमोर जमिनीवर ठेवला. त्यावर मोठमोठे ठोकळे होते, ट्रॅक्टरच्या टायरला असतात तसे, फक्त लहान. चिखलात आणि भुसभुशीत मातीत ते रुततात, पकड घेतात. ताई ज्या मोटारसायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये आहेत, तिथे सगळ्यांचे टायर असेच. गाडी घेतली तेव्हाच ग्रुपच्या म्होरक्याने, ज्याला सगळे कॅप्टन म्हणतात, त्याने ते बसवायला लावले होते.

आता ताईंच्या कामाची एक पद्धत सांगते. त्यांच्याकडे पायासाठी कोणीही आलं, की त्या पहिल्यांदा "कसं चालता" असं विचारत नाहीत. "चप्पल उलटी करा," म्हणतात. माणूस म्हणतो मी रोज लांब फिरायला जातो, पण तळवा कोराच असतो. कोणी म्हणतं दोन्ही पायांवर सारखा भार देतो, आणि एका टाचेची पार चाळण झालेली असते. मागे एक कापडदुकानदार आला होता. त्याला धावपटू लावतात तसलं, पात्यासारखं पाऊल हवं होतं. ताईंनी त्याचा बूट उलटा केला, तर बसून बसून फक्त टाचेची मागची कड घासलेली. "शेठ, हे पाऊल तुमच्या गल्ल्याखाली दिवसभर करणार काय?" असं विचारून त्यांनी त्याला साधं, भक्कम पाऊल दिलं. तो आधी फुगला होता, नंतर स्वतःच्या मेव्हण्याला घेऊन आला.

तर त्या दिवशी ताई टायरसमोर उकिडव्या बसल्या. टायर उभा धरून त्यांनी हळूहळू फिरवला. ठोकळे मधोमध झिजून सपाट झाले होते, ताटलीसारखे. आणि दोन्ही कडांचे ठोकळे अगदी नवे, त्यांच्यावरचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. ताईंनी त्यातला एक केस बोटाने वाकवून पाहिला. टायरवाला चाकाचे नट एका डब्यात टाकत होता.

"नव्वद दहा," शेवटी ताई म्हणाल्या. "निम्मा निम्मा नाही. सरळ हमरस्त्याने जाते आणि सरळ येते मी. चिखल कधी बघितलाच नाही या टायरने."

"बऱ्याच जणांचं तसंच असतं," टायरवाला म्हणाला.

"बऱ्याच जणांचं सोडा हो. मी रोज लोकांच्या चपला उलट्या करते. आपली गाडी उलटी करायचं सुचलं नाही."

हे म्हणताना त्यांना वाईट वाटलं होतं. मी त्यांना ओळखते, त्यांचा आवाज खाली जातो. जंगलवाटांनी जाणारी बाई असं त्यांनी स्वतःचं चित्र मनात लावून ठेवलं होतं, आणि त्या चित्राला साजेसे टायर घेतले होते. पण त्या लगेच उठल्या, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि कामाचं बोलायला लागल्या.

टायरवाल्याने तीन प्रकार दाखवले. एक पुन्हा ठोकळ्यांचाच. दुसरा मधला, थोडा इकडचा थोडा तिकडचा. तिसरा डांबराचा, दिसायला जवळजवळ साधा, मधे सलग रबर आणि कडेकडेने पाणी बाहेर टाकायला तिरप्या खाचा. त्याने समजावलं ते मला कळलं तसं सांगते. ठोकळे असले की रस्त्याला टेकतं ते रबर कमी. डांबर ओलं असताना जोरात ब्रेक लावला, की उंच ठोकळे हलतात, वाकतात आणि चाक सरकतं. सलग रबराचा तळवा जास्त टेकतो, म्हणून गाडी लवकर थांबते. रबर कडेला मऊ आणि मधे कडक असतं, त्यामुळे सरळ रस्त्यावर टिकतं आणि वळणावर पकड घेतं.

"मधला घ्या," तो म्हणाला. "तुमचा तो शेवटचा टेकडीचा रस्ता खडीचा आहे म्हणता. डांबराच्या टायरने कोरड्या खडीवरून सावकाश जाल. पाऊस झाला तर खाचांत चिखल भरतो. मग चाक कुठे जाईल ते चाकच ठरवणार."

इथे ताईंचं घोडं अडलं. मधला घेतला, तर कुठेच न चालता निवासाच्या दारात उतरता येणार, पण ओल्या डांबरावर गाडी तितकी लवकर थांबणार नाही. डांबराचा घेतला, तर ओल्या दिवसात शेवटची वाट पायी, तेही पाठीवर ओझं घेऊन.

एवढ्यात कॅप्टन दुकानात शिरला. हवा भरायला आला होता.

"ताई, हे काय बघताय? एवढ्या उंच गाडीला हे गुळगुळीत टायर? पहिलवानाला बाळाचे बूट घातल्यासारखं दिसेल."

"दिसू दे."

"ग्रुपमध्ये सगळे हसतील."

"हसतील तेव्हा थांबतील ना गाड्या? तेवढीच माझी पुढे जायची सोय."

कॅप्टन हसला, पण सोडेना. "आणि टेकडीचा रस्ता?"

ताईंनी उजवं मनगट वर करून त्याच्यापुढे धरलं. अजून सुजलेलंच होतं. "हे खडीवर मोडलं नाही, डांबरावर मोडलं. जिथे पडले, तिथले टायर घेते. राहिलेलं चालेन. चालायचे पैसे तर मी लोकांकडून घेते, मला चालायला काय झालं?"

कॅप्टनने टायरवाल्याकडे पाहिलं. टायरवाल्याने तिसऱ्या टायरवर नुसता हात ठेवला. ठरलं. पुढे ताईंनी कसून चौकशी केली. पुढचा-मागचा जोडीचाच हवा, मापात फरक नको. पेट्या, ओझं आणि मागे माणूस, एवढा भार झेलेल असा हवा. टायर कधी बनला, त्याचा शिक्का काठावर असतो, तो त्यांनी चष्मा वर करून स्वतः वाचला. जुना, पडून राहिलेला नको म्हणाल्या. टायरवाल्याने बजावलं की नवं रबर सुरुवातीला निसरडं असतं, काही दिवस हळू चालवा, वळणावर गाडी एकदम वाकवू नका. ताईंनी मग आमच्या वस्तीभोवती इतक्या घिरट्या घातल्या, की कोपऱ्यावरच्या शिंप्याने मला विचारलं, "ताईंचं काही हरवलंय का?"

मी मनातून कुठल्या बाजूला होते, हेही सांगायला हवं. मला ती गाडी गेली असती तर बरं वाटलं असतं. ताई फेरीला गेल्या, की हे रात्री फोन उशाशी घेऊन झोपत, आणि मी देवापाशी दिवा लावून उभी राहिले तरी लक्ष फोनकडे असे. मला हे दर फेरीला जीव टांगणीला लागणं नको होतं. पण मापं घेताना मी त्यांना पाहिलंय. माणूस पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा ताई त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, खाली बसून पायाकडे बघतात, आणि त्यांच्या हाताला नेमकं कळतं कुठे टोचतंय. हे काम त्यांच्याकडून काढून घेणारी मी कोण?

म्हणून मी बसले मागे. हेल्मेट घालून, डोळे मिटून, नाम घेत. डांबर संपेपर्यंत रस्ता कोरडाच होता. आदल्या दिवशीच्या पावसाने खडीची वाट मात्र चिखलाची झाली होती. ताईंनी गाडी थांबवली, खाली उतरून बुटाच्या टोकाने माती दाबून पाहिली. माती बुटाला चिकटून वर आली. त्यांनी किल्ली काढली आणि पाठीवरची पिशवी मला दिली.

निवासात पोचलो तेव्हा माझ्या चपलांना आणि ताईंच्या बुटांना किलोभर माती लागली होती. व्हरांड्यात एक कंडक्टर वाट बघत बसले होते. बसमधून पडून त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. माझ्या पाठीवर होता तो त्यांचाच पाय.

"ताई, गाडी कुठे? विकली?"

"खाली ठेवली. इथे चिखल आहे."

"म्हणजे चालत आलात?" त्यांनी आमच्या पायांकडे पाहिलं. "मग मेलोच की मी. आज दुखतंय म्हणून चालायला नाही म्हणणार होतो."

"म्हणा ना. मी ऐकणार नाही एवढंच."

पाय बसवायला, काढायला, आतून घासायला आणि पुन्हा बसवायला दुपार गेली. कंडक्टर दोन्ही बाजूंचे दांडे धरून उभे राहिले. मग एक हात सोडला. मग, तिकीट फाडताना बसमध्ये टेकून उभे राहतात तसे, कमरेने एका दांड्याला टेकून दोन्ही हात मोकळे केले. ताई खाली बसून बघत होत्या. मी लांबून हात जोडले. कोणाचं लक्ष नव्हतं.

निघालो तेव्हा जीप आली होती. तिने आम्हाला डांबरापर्यंत सोडलं. वाटेत पावसाला सुरुवात झाली होती. पंक्चरवाला म्हणाला, थांबा थोडं. ताई थोडं थांबल्या. पाऊस थांबेना. त्यांनी टायरांची हवा तपासली, मी मागे बसणार म्हणून मागच्यात सकाळीच जास्त भरली होती ती बघितली, आणि म्हणाल्या, "चल. ओल्यासाठीच घेतलेत."

कारखान्याच्या मागचं वळण आलं, तेव्हा त्यांनी मला आधी सांगितलं नाही. मला रस्ता आठवत नव्हता, पण त्यांची पाठ ताठ झाली आणि मी ओळखलं. वेग आधीच कमी होता. वळणाच्या मधोमध समोरचा ट्रक अचानक थांबला. त्याचे लाल दिवे पाण्यात पसरलेले दिसले. ताईंनी गाडी सरळ केली आणि ब्रेक लावला. माझं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर आपटलं. मी डोळे मिटले, देवाचं नावही तोंडातून फुटेना. गाडी खाली दबली, मागचं चाक किंचित, अगदी किंचित हललं, आणि पकड घेऊन थांबलं. डोळे उघडले तेव्हा ट्रकच्या मागच्या फळीवरचा चिखल मला स्पष्ट दिसत होता.

ट्रक हलला, आम्ही हललो. पुढे एक चहाची टपरी लागली, तिथे ताईंनी गाडी लावली. टपरीच्या बाकावर बसून मी ग्लास दोन्ही हातांनी धरला. ताईंनी आधी मागच्या चाकापाशी बसून टायरवरून हात फिरवला, मग येऊन माझ्या शेजारी बसल्या.

"बरगडीत बोटं रुतली होती तुझी," त्या म्हणाल्या.

"रुतणारच. जीव गेला होता माझा."

"हं."

मला त्यांना बरं वाटावंसं वाटलं. चालून आलेली बाई, दिवसभर खाली बसून काम केलेली, आणि आता स्वतः पडली होती त्याच वळणातून मला सुखरूप काढलेली. मी म्हटलं, "मी यांना सांगते. गाडी थांबली. टायर उत्तम आहेत. काळजी करू नका म्हणते."

ताईंनी मान हलवली. "असं नको सांगूस."

"मग काय सांगू?"

"आज काहीच नको. नवा पाय बसवला, की त्याच दिवशी सगळेच छान आहे म्हणतात. समोर मी बसलेली असते, मेहनत दिसत असते, कोण नाही म्हणणार? मी कोणाचं त्या दिवशीचं उत्तर धरत नाही. दुसऱ्या दिवशी उठून पाय घालताना त्याला काय वाटतं, ते फोन करून विचारते."

त्यांनी चहा संपवला, ग्लास खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"तू घाबरलीस, ते सांग त्याला. चाक हललं, तेही सांग. पण उद्या सांग. सकाळी ऊठ, तुझी पूजा कर, आणि पुन्हा या गाडीवर बसायचं म्हटलं तर पोटात काय होतं ते बघ. जे होईल ते त्याच्यासमोर, माझ्यादेखत बोल. मला बरं वाटेल म्हणून एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस. एवढं कर माझ्यासाठी."